गुऱ्हाळातला काळा भुगा

घाटनांदूर, ४ फेब्रुवारी २०१९

चि. उत्तरेश्वर यास,
सत्यभामाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि., फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळात चिपाडं लोकांनी जनावरांपुढं टाकली. सोसायटीच्या गुऱ्हाळाला जळण उरलं न्हाई. तर तुझ्या दाजींनी, चेअरमन ना ते, पुण्याकडून फुकटचा काळा भुगा आणवला. चुलवाणात टाकला की धूर घशाला चिकटतो. शेजारच्या छबुबाईचा खोकला थांबंना. गूळ तर जिभेवर ठेववत न्हाई, ओकारी येते. हे म्हणतात, रंग झ्याक हाय.

तू गाड्या मोडायच्या कारखान्यात. हे काय हाय, तुला ठावं असंल. बायको न्हाई, तवा वेळ न्हाई म्हणू नको.
माया हायेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी अक्का

चाकण, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. पत्र वाचलं अन् ताट सारलं. आमचं यंत्र भंगार गाड्या अख्ख्या चावतं. लोखंड चुंबक उचलतं. उरतो तो हा भुगा: सीटांचा फोम, वायरींची सालं, रबर, काच, सगळं जुन्या ऑइलात भिजलेलं. लोकांच्या ओकाऱ्या मुरलेल्या गाद्यासुद्धा त्यातच. मी फावड्यानं ओढतो. अंघोळ केली तरी अंगाचा वास जात न्हाई. नीट टाकायला खर्च येतो, म्हणून मालक फुकट वाटतात; तुमच्याकडचा ट्रकही इथूनच भरला. जाळला की विषारी धूर होतो. तुझ्या पोरींना तो गूळ देऊ नको.
दाजींना राग आला तरी माझ्यावरची माया आटू देऊ नको.
उत्तरेश्वर

घाटनांदूर, २० फेब्रुवारी

चि. उत्तरेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, भंगारातल्या माणसाला गुळातलं काय कळतं.

परवा सोसायटीची बैठक आमच्याच ओसरीवर भरली. चहा मी केला, त्याच गुळाचा. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. व्हाइस चेअरमन सुंदरराव अंगणात जाऊन थुंकले. मी दारातून म्हणाले, "गिळा की. बाजारात लोकांनी हाच गिळायचा हाय."

तुझ्या दाजींनी मान खाली घालून अख्खा कप संपवला. मग उठून गुऱ्हाळावर गेले अन् आमच्या वाट्याचं टँकरचं पाणी चुलवाणात ओतलं. ढेपा पुरून टाकल्या. माझ्याशी अजून बोलत न्हाईत.

उरलेला भुगा ट्रकनं तुमच्याकडंच परत धाडलाय. तो तुलाच उतरवावा लागंल, हे मनाला लई लागतं. तोंडाला फडकं बांध, बाबा.
तुझी अक्का