बेडकाचा सलाम

मी, साळूबाई भ्रतार केरबा निकम, वय अंदाजे पंचावन्न, धंदा फिरता सिनेमा, राहणार लोणंद, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही; घालू पाहणाऱ्या दिरांचा उल्लेख पुढे येईल.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले लोणंदचे घर माझी मुलगी हरणाबाई, दिली सांगलीस, हिला मिळावे.

२. बैलजोडी व छकडा धाकटे दीर मानसिंगराव यांना. बैलांशी ते माणसांपेक्षा बरे वागतात.

३. तंबू, यंत्र, पडदा आणि बेडकाची फिल्म मात्र मानसिंगरावांना मिळू नये. कारण सांगते.

ही फिल्म यजमानांनी पलटणीतून आल्यावर सांगलीच्या बाजारातून आणली. कुठल्या मुलखाची, कोणी काढली, ठाऊक नाही. तीत माणसे नाहीत, नुसती हलती चित्रे. गोष्टही नाही, एकामागून एक करामती. कोंबडी दोरीवर चालते, चंद्र अख्खा बँडबाजा गिळून ढेकर देतो, एका मडमेची मान छताला लागते. शेवटी बेडूक फुगून ढोल होतो, स्वतःलाच बडवतो आणि सलाम ठोकतो. पोरे भिऊन रडत, म्हातारे हसत. मला ती वेडी फिल्म फार आवडते.

आमच्या तंबूत पुरुष पडद्यापुढे, यंत्राच्या बाजूला बसत, बायका पडद्यामागे. चित्र पलीकडे उमटावे म्हणून पडदा भिजवावा लागे. पाणी मीच मारायची आणि मग मागे जाऊन बसायची.

बेडूक डाव्या हाताने सलाम करतो, असे आम्ही साऱ्याजणी म्हणायचो. यजमान जुने शिपाई, ते खवळायचे. "डाव्या हातानं कोन सलाम करतंय व्हय? तुमा बायकांचं समदंच उलटं!" या बेडकापायी आमच्या घरात कितीदा अबोला झाला.

पुढे शिरवळला त्यांना ताप भरला आणि यंत्राची मूठ मी फिरवली. पहिल्यांदाच पुढून पाहिले. बेडकाने उजव्या हाताने सलाम केला. यजमान खरे होते. पण पडद्यामागे बसवून आम्हाला डाव्याचे उजवे झालेले उलटे चित्र दाखवले आणि वर आम्हालाच उलट्या म्हटले, याचा मला संताप आला. त्यांना सांगितले, उद्यापासून पुरुष-बायकांच्या मधे दोरी बांधायची आणि बायकाही पुढेच. ते वाकळेतूनच म्हणाले, "बसीव. पडद्याला पानी मारायचं तरी वाचंल."

यजमान गेल्यावर मानसिंगराव मला तोंडावर म्हणाले, "वैनी, तुमी हाय तवर चालंल. तुमच्या माघारी बायका पडद्यामागंच."

४. म्हणून वरील सामान हरणाबाईचे. अट एकच: तंबू कुठेही लागो, बायका पुढेच बसतील. ते जमत नसेल तर तंबू जाळावा.

५. माझ्या तेराव्याला गोडधोड नको. लोणंदच्या माळावर बेडकाची फिल्म लावावी. सगळा गाव पुढे बसवावा आणि मानसिंगरावांना एकट्यांना पडद्यामागे, मानाने पाट मांडून. पडदा चांगला भिजवावा, त्यांना स्पष्ट दिसले पाहिजे. मग बेडकाने कोणत्या हाताने सलाम केला, ते विचारावे. डावा म्हणाले तर कोणी हसू नये. त्यांचा पाट उचलून पुढे आणावा आणि फिल्म परत लावावी.

लिहिलेले मला वाचून दाखवले. माझेच बोलणे आहे.

लोणंद, ता. ११ फेब्रुवारी १९४६
साळूबाई केरबा निकम, निशाणी अंगठा

साक्षीदार:
नाथाजी हरिबा शेळके, सही
धोंडुबाई, पडद्यामागची माझी सोबतीण, निशाणी अंगठा