गुडघ्याएवढा घोडा

ती. सौ. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (उजवा हात प्लास्टरने माखलाय, तेव्हा तूर्त सात अंगांचाच समज.) तुझा गुडघा कसा आहे? आणि काकांचा राग? गुडघ्याची सूज उतरली असेल, रागाची नसेल, असा माझा अंदाज.

भाचा संग्रहालयासाठी घोडा घडवतोय, उद्घाटनाला त्याच्यावर बसून फोटो काढू, असं तू शेजारणींना सांगून बसलीस म्हणे. मावशी, आवर त्यांना! हा घोडा माझ्या गुडघ्याएवढा आहे. पाच कोटी वर्षांपूर्वी घोडे एवढेसेच असत, आणि त्यांच्या पायांना बोटं असत: पुढे चार-चार, मागे तीन-तीन. हे ऐकून आमच्या संचालकांचा चेहराच पडला. त्यांनी दारावर ‘भव्य अश्वदर्शन’ असा फलक आधीच रंगवून घेतला होता. (तो अजून आहे. घोड्यापेक्षा उंच आहे.)

काकांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो. एकसारख्या चार वस्तू करायच्या तर चारदा मोजत बसू नये, एकच साचा करावा. खिडक्यांच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे. मी एक पाऊल घडवलं, त्याचा साचा घेतला आणि चारही पावलं ओतून मोकळा झालो. आमच्या हाडांच्या तज्ज्ञ बाई (माणसांशी कमी बोलतात, सांगाड्यांशी जास्त) आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, “मागे एकेक बोट जास्त झालंय.” मग काय, घोडा टेबलावर उताणा घातला, पटाशी घेतली आणि दोन बोटं उडवली. उभा करून पाहतो तर मागे चार आणि पुढे तीन! (हसू नकोस. डोकं आणि शेपूट बसवायचं राहिलं होतं. असला घोडा उताणा पडल्यावर त्याचं पुढचं-मागचं तू ओळखून दाखव.) उडालेल्या बोटांपैकी एक केरात सापडलं. दुसरं संचालकांनी खडू समजून खिशात टाकलं होतं. बाई पोट धरधरून हसल्या, आणि मग डिंक वाळेपर्यंत एक पाय त्यांनीच धरून ठेवला. आता बोटं जागच्या जागी आहेत आणि घोडा दिमाखात उभा आहे. रविवारी सकाळी उद्घाटन आहे, तू नक्की ये.

तुझा लाडका,
भाचा

ता. क. शेजारणींना म्हणावं, वर नाही तरी शेजारी बसून फोटो काढता येईल.

ता. क. काकांना घेऊन ये. एवढं पाल्हाळ लावलं ते याचसाठी. कारखाना सोडून मी ‘मेलेल्या जनावरांची खेळणी’ करायला लागलो तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि मला त्यांच्याशिवाय करमत नाही. बोटं चुकली तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या शिव्याच आठवल्या.

ता. क. हे मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस. हाडांवरून जबडा कळतो, स्वभाव कळत नाही. घोड्याचं तोंड घडवताना माझ्या हाताला एकच चेहरा येत होता: दुपारच्या चहाला उशीर झाला की भुवया वर आणि खालचा ओठ पुढे. बाईंनी सगळी मापं तपासली, कुठेही चूक नाही म्हणाल्या. तू पाहशील तेव्हा हसू आवर. काकांनी ओळखलंच, तर ओरडायला का होईना, माझ्याशी बोलतील.