चार्जिंगचा लायटर अन् तुही लबाडी

प्रिय वच्छला,

"प्रिय" वाचून हासू नोको. उभ्या जन्मात तुले कधी प्रिय म्हटलं नाई, पण पत्र असंच सुरू करतात म्हणून लिहिलं. बाकी सध्या मनात राग आहे. आठ दिवसांपासून तो पोटात घेऊन फिरून राह्यलो. आज विलास येऊन गेला, घर मोकळं झालं, आता काय बोलायचं ते बोलून घेतो. अक्षर वाकडंतिकडं दिसन. डाव्या हातानं लिहून राह्यलो, उजव्याचं तुले माहीत आहे.

फसवलं तुनं मले! एक दिवस नाई, दोन दिवस नाई, तीन वर्षं!

तुही तेरवी झाली, पाहुणे गेले. आपला विलास तेव्हाच म्हणे, "बाबा, हिंगणघाटले चला आमच्यासंग. नाचणगावात आता तुमचं कोण आहे?" मी म्हटलं, माहं वावर आहे, वांगे आहे, पालक आहे, घर आहे. कमलाबाई शेजारी आहे, ते पोळ्या पाठवतो म्हणते. "अन् सकाळचा चहा?" मी छाती फुगवून म्हटलं, "अबे, तीन वर्षांपासून चहा मीच करून राह्यलो! इचार तुह्या मायले!" अन् मंग ध्यानात आलं, इचारायले तू आता कुठं आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. चहाच्या गंजात पाणी घेतलं, साखर टाकली, पत्ती टाकली, गंज शेगडीवर ठेवला अन् उभा राह्यलो. उभाच राह्यलो. पाणी काही हालेना. वाकून पाह्यलं, तर खाली जाळच नाई!

मले काय माहीत? लकवा झाल्यापासून मी स्वयंपाकघरात आलो का गॅस आपला बारीक चालूच राहे. तू अंगणातून झाडू हाती घेऊन म्हणे, "अवो, आत्ताच दूध तापवलं जी, गॅस चालूच आहे. चहा मांडता का?" अन् मी मोठ्या तोऱ्यात मांडत होतो. तुले कप नेऊन देत होतो. तू दोन घोट घेऊन म्हणे, "तुमच्या हाताची चव मले नाई येत बाप्पा."

कमलाबाईले हे सांगतलं, तर बाई डोळ्याले पदर लावून म्हणते, "भाऊजी, दूध तर वच्छलाबाई रातीच तापवून ठेवे. सकाळी कायचं दूध? तुमच्या हातानं गॅस पेटत नाई, हे तुम्हाले कळू नये म्हणून ते सोंग होतं. मले शपथ घातलती तिनं."

शपथ! म्हणजे शेजारणीले माहीत अन् घरधन्याले नाई! पारावर मी मिरवून राह्यलो, "लकवा झाला तर काय झालं, चहा मीच करतो," अन् तू घरात हासत असशील. हासत होती का वं? का रडत होती? तेही तुनं कधी कळू देल्लं नाई.

सांगतलं असतं तर काय मी मेलो असतो? दोघं मिळून काहीतरी हिकमत काढली असती. शिकलो असतो. पण नाई, तुले नवऱ्याची शान ठेवायची होती. ठेवली! अन् आपण निघून गेली, अन् ते शान मले थंड शेगडीसमोर उभं करून गेली.

मंग मी जिद्दीले पेटलो. माचिस घेतली. माचिसले दोन हात लागतात, हे मले या वयात समजलं. डबी गुडघ्यात धरली, काडी डाव्या हातानं ओढली. पाच काड्या मोडल्या, सहावी पेटली अन् शेगडीपर्यंत नेता नेता विझली. मंग तुहा तो टकटक लायटर घेतला. त्याले अंगठ्याचा जोर लागते, अन् माहा डावा अंगठा अर्धा कडबा कटरनं नेलेला. शेगडीचं बटन फिरवून ठेवलं अन् लायटर दाबत बसलो. टक नाई का टुक नाई. गॅस निघूनच राह्यला. एकाएकी ठिणगी पडली अन् भप्पकन जाळ अंगावर आला. हाताचे केस गेले, भुवई गेली. कमलाबाई धावत आली, तिनं बटन बंद केलं, अन् कायले उशीर, लगेच विलासले फोन!

विलास फोनवर ओरडला नाई. ओरडला असता तर बरं होतं. समजावून सांगितल्यासारखा बोलला, "बाबा, रविवारी येतो. माह्यासमोर गॅस पेटवून चहा करून दाखवा. जमलं तर राहा तुम्ही तिथंच. नाई जमलं तर बॅग भरा, मंग काही बोलायचं नाई." पोट्ट्याले मी सायकल शिकवली अन् तो माही परीक्षा घेऊन राह्यला! पण सांगू का, चूक त्याची नोहोती. म्हणून जास्तच राग आला.

पुलगावले गेलो, भांड्याच्या दुकानात. दुकानदार आधी टकटकवालाच पुढे करते. म्हणते, "काका, स्टीलचा आहे, जन्मभर चालते." मी म्हटलं, "माहा अंगठा नाई चालत, त्याचं काय?" मंग त्यानं चार्जिंगचा काढला. काडी नाई, जाळ नाई, टोकाले दोन दात अन् खटका दाबला का त्यायच्या मधात निळी वीज चरचरते. बोटानं हलका दाबला तरी चालते! मले खरंच आनंद झाला. पण तो होता बोटभर लांब. घरी आणून लावला, तर हात शेगडीच्या तोंडात! चटका बसला. परत गेलो अन् दुकानदाराले झापलं, "मले सिगरेट नाई पेटवायची बाप्पा, चहा मांडायचा आहे! लांब मानेचा दे." तेव्हा कुठं त्यानं मागच्या फळीवरून लांब मानेचा काढला. आधीच काऊन नाई दाखवला म्हटलं, तर म्हणते, तुम्ही इचारलंच नाई!

अन् दोन घेतले, वच्छले. लाल अन् पांढरा. दुकानदार म्हणे, "काका, एकटे राहता, दोन कायले?" आता त्याले काय सांगू! देवाची माचिस वेगळी अन् चुलीची माचिस वेगळी, हे तुहं चाळीस वर्षांचं शास्त्र. एकडाव मी देवाच्या माचिसनं बिडी पेटवली, तर तू दोन दिवस बोलली नोहोती. म्हणून पांढरा देवाले. तुळशीपाशी कितीबी वारा असू दे, तो विझत नाई. फक्त तुह्या वळलेल्या जाड्या वाती त्याच्या दातांत मावत नाई. टोक पिळून बारीक करा लागते. डब्यात अजून बऱ्याच आहेत. संपल्यावर मी काय करीन, ते आत्ता इचारू नोको.

लाल लायटरवर चार दिवस सराव केला. लायटर डाव्या हातात, बटन उजव्या तळव्यानं ढकलायचं. बोटं धरत नाई, पण तळवा ढकलते. आधी वीज, मंग गॅस, हा क्रम पाठ केला. शनिवारी तर मी पंधरा-वीस डाव पेटवला अन् विझवला. एवढी हौस लग्नातही नोहोती.

तिथंच घात झाला. आज सकाळी विलास आला, हात बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभा राह्यला. मी लाल लायटर दाबला. एकडाव चरचरला अन् बंद! सगळं चार्जिंग सरावात गेलतं, अन् पहाटपासून लाइन नाई. परत दाबला. काहीच नाई. विलास हळूच म्हणे, "राहू द्या बाबा. मी बॅग भरू लागतो तुम्हाले."

तेव्हा तुहा खरा राग आला मले! म्हटलं, तीन वर्षं खोटं बोलून देवासमोर हात जोडत होती, तेव्हा तुहं शास्त्र कुठं गेलतं? तडक देव्हाऱ्यापाशी गेलो. डावा हात कपाळाले लावला अन् पांढरा लायटर उचलला. हाव, देवाचा! चुलीपाशी नेला. दाबला, वीज आली, तळव्यानं बटन ढकललं, अन् निळा जाळ गोल फिरला. गंज मी ठेवला, साखर मी टाकली, कपात मीच ओतला. थोडा सांडला, सांडू दे.

विलासनं घोट घेतला अन् म्हणे, "आईच्या चहासारखाच झाला." मी म्हटलं, "लेका, तुही माय तीन वर्षं माह्याच हातचा चहा पेत होती." तो हासला अन् मंग तोंड फिरवून बसला. रिकामी बॅग त्यानं आपल्या हातानं माळ्यावर टाकून देल्ली.

देवाच्या लायटरसाठी तुले रागवायचं असन तर रागव. दोन दिवस बोलू नोको. तसंही तू आता बोलतच नाई.

एवढा वेळ भांडलो, आता एक वचन देतो. लाल लायटर रोज चार्जिंगले लावीन, पांढरा देव्हाऱ्यातून हालवणार नाई. अन् तीन वर्षं तू माह्या आधी उठली, अंधारात चोरपावलानं गॅस पेटवला अन् झाडू घेऊन बाहेर पळाली. आता ते पुरे झालं. उद्यापासून गॅस मी पेटवतो. तू झोप.

तुहा,
महादेव