बंद खिडकीतलं बोलणं

एल्स्ट्री स्टुडिओ,
गुरुवार, १३ मार्च १९३०

प्रिय एडना,

मी बरी आहे. तुझा खोकला कसा आहे? मावशीने पाठवलेला आल्याचा केक पोचला. वाटेत निम्मा चुरा झाला होता, पण आम्ही चुराही सोडला नाही.

आमचा बोलपट सोमवारी आपल्या बर्नलीत लागतोय. तू तीनदा वाचलेली ती जहाजाची कादंबरी! पुस्तकातलं फारसं उरलेलं नाही, आधीच सांगते. माईक फुलदाणीत लपवला होता, त्यामुळे नायक बिचारा सगळं प्रेम फुलांवरच करतो. माझं बोलणं ऐकून ध्वनियंत्रावरचे साहेब म्हणाले, "बाई, हे गिरणीतलं बोलणं लंडनात कोण ऐकून घेणार?" म्हटलं, "गिरणीत कोण ऐकतंय साहेब? मागांच्या खडखडाटात आम्ही ओठ वाचतो." सगळे हसले.

हे पत्र चार महिने लिहितेय आणि फाडतेय. आज पोस्टात टाकणार म्हणजे टाकणार.

जहाज सुटतं तेव्हा मी बंद खिडकीच्या काचेमागे रडते. तिथे नुसतं संगीत आहे. दिग्दर्शक म्हणाले, "माईक नाही. रडू येईल असं काहीही बोल." मूकपटांत मी असंच काहीबाही बोलायचे आणि तुम्ही मागावरच्या बाया पुढच्या रांगेत पोट धरून हसायचात. या वेळी मी खरं बोलले. घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं. लंडनला काही कळणार नाही, पण अख्खं बर्नली ओठ वाचेल! दुसऱ्या दिवशी म्हटलं, प्रसंग परत घ्या. "छे! इतकी चांगली तू कधी रडलीच नव्हतीस," म्हणाले.

तेव्हा तू आधी वाच. मी म्हणाले, "एडना, धोट्यापुढची जाळी वॉल्टरने नाही, मी काढली होती."

तुटलेला धागा चटकन जोडता यावा म्हणून काढली. तुझ्या हाताखाली शिकत होते, घाई होती. अडवायला जाळी नव्हती, मागातून धोटा उडाला, तुझा डोळा गेला आणि माग दुरुस्त करणारा म्हणून सगळ्यांनी वॉल्टरलाच धरलं. त्याची नोकरी गेली, तू अंगठी परत केलीस. मी गप्प राहिले. सतरा वर्षांची होते, भ्यायले होते. आजही भितेय.

तो अजून कालव्याकाठी एकटाच राहतो म्हणे. सोमवारी रात्री लोक माफी मागायला त्याच्या दारात जातील. तू त्यांच्या आधी जा. माझ्यावर मग हवी तेवढी रागाव.

जिच्यामुळे तू त्याला अकरा वर्षं ओळख दिली नाहीस, ती तुझी बहीण
विनी