मी लग्नाले येऊन राहिली

चिखला

आत्याबाई,
जयभीम.

तुमच्या भावनाताईच्या लग्नात मले आणू नका, असं तुमी बाबाले फोनवर सांगितलं. "पोरीच्या पाठीत लोखंड टाकलं, पाहुणे काय म्हणतील?" मी बाजूलेच बसून होती.

माह्या पाठीचा कणा वाकडा होता, म्हणून नागपूरले ऑपरेशन झालं. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा दुखणं सहन न होऊन मी आईच्या खांद्याले चावली. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "रड, पण चाल." मी रडत चालली. आता शाळेत पायी जाते. वजन उचलायचं नाई, एवढं डॉक्टरनं सांगितलं आहे. लपून बस, असं नाई सांगितलं.

आईनं लग्नासाठी पाठ झाकणारा ब्लाऊज शिवला होता. मी टेलरकडून त्याचा मागचा गळा खोल करून आणला. ऑपरेशनचा वण सगळ्याईले दिसन.

बाबा म्हणे, "आत्याले लिहून काय फायदा? जाऊ दे." म्हणून हे पत्र टाकत नाई. पण भावनाताईनं सोता फोन करून मले करवली केलं आहे. उद्याच्या एसटीनं मी लाखांदूरले येऊन राहिली. मांडवात तिच्या मागं मीच उभी राहीन. तुमाले लाज वाटत असन तर तुमी घरात बसा.

तुमची भाची,
खुशबू