ह्यांचा पाला

तीर्थरूप आत्याबाई,

वाकून नमस्कार. पाठ धरलीय, म्हणून कागदावरच वाकते.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते ठाऊक आहे मला. पण सासूवरचा राग सांगायचा कुणाला? तुमचे चिरंजीव खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर. या लढाईपायी गाड्या वाढल्यात, त्यांना सुट्टी नाही, आणि घरी आले की नुसते झोपतात. म्हणून तुमच्यावरचा राग तुम्हालाच लिहून पाठवतेय.

ओढ्याकाठच्या खाचरात करपा आला, आत्याबाई. तुमच्या आंबेमोहोरात, बियाण्यासाठी राखलेल्या त्याच खाचरात! आधी पानांवर डोळ्यासारखे ठिपके दिसले, मग पानंच्या पानं होरपळल्यागत झाली. तुम्ही गेल्यावरचं हे पहिलंच भात. हे बी गेलं, तर तुमच्या हातचं घरात दुसरं काय उरलं?

तुमचं औषध आपल्या सगळ्या टाकवे गावाला माहीत होतं. इंदुरीहून, माहेराहून, वाळलेल्या पाल्याचा चुरा गाठोड्यात बांधून आणायचात. तो भिजत घालायचा, फडक्यातून गाळायचा, पानावर चिकटून राहावा म्हणून त्यात रिठ्याचं पाणी घालायचं आणि उघडीप बघून पेंढ्याच्या कुंच्यानं पिकावर शिंपडायचा. सगळं शिकवलंत. पण पाला कसला, ते विचारलं की पदर सावरून म्हणायचात, "ह्यांचा पाला. लय इचारू नको, पानी वत."

ह्यांचा म्हणजे मामंजींचा, एवढं मला कळलं. मामंजींनी लावलेलं म्हणून आपल्या बांधावर एकच झाड दाखवतात, तो पांगारा. मग मी दुसरं काय समजायचं होतं? पांगारा ओरबाडला, पाट्यावर वाटला, गाळला, शिंपडला. खांदे भरून आले. करपा आपला पुढं सरकतच होता.

तेवढ्यात तुमच्या भावजय, सखूमामी, इंदुरीहून आल्या. हंड्यात डोकावल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, पांगारा कुटं घालतीस? लिंबाचा पाला व्हता त्यो! लिंबाजीची बायको लिंब म्हणंल व्हय?"

कडुलिंब! मी बांधावर बसलेच.

मामंजींचं नाव काय मला ठाऊक नव्हतं? पण पाडव्याला आणायचात त्या लिंबाला तुम्ही 'पाडव्याचा पाला' म्हणायचात. मला वाटलं, ते झाड वेगळं आणि हे वेगळं. आपल्याकडच्या पावसात लिंब धड वाढत नाही, आणि वाळलेला चुरा सगळा सारखाच दिसतो. एका झाडाला दोन-दोन आडनावं कशाला ठेवलीत, आत्याबाई?

नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, म्हणायचात. एवढं जपलंत, तरी मामंजी माझ्या लग्नाआधीच गेले की! त्यानंतर इतकी वर्षं कुणाचं आयुष्य राखत होतात?

हे लिहिताना वाईट वाटलं. पण खोडत नाही.

सखूमामींनी दुसऱ्याच दिवशी बैलगाडीतून ओला लिंब पाठवला. उघडीपही मिळाली. अर्धं खाचर गेलं ते गेलंच. उरलेल्या अर्ध्यात नवी पानं स्वच्छ आली, लोंब्या बाहेर पडल्यात आणि त्यांच्या माना अजून काळ्या पडलेल्या नाहीत. पुढच्या सालापुरतं बी निघेल असं वाटतं. हे पाल्यानं झालं की उन्हानं, कोण सांगणार? मला आता वाद घालायचंही त्राण नाही. मी आपली पाल्याला हात जोडते.

पण खरी गंमत पुढंच आहे. नातवाला तुम्ही आजोबांचंच नाव ठेवलंत आणि जन्मभर 'बाबू' म्हणून हाक मारलीत. त्याची बायको तारा, तुम्हीच पसंत केलेली, काल माझ्याबरोबर पाला वाटायला बसली होती. म्हटलं, पोरीला आताच पक्कं सांगून ठेवावं. विचारलं, "तारा, कसला पाला गं हा?"

तिनं मान खाली घातली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, "ह्यांचा."

हसू की रडू, आत्याबाई? मी दोन्ही केलं. ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली.

तर वचन देते. हे भात कापणीला यायच्या आत ताराच्या तोंडून तो शब्द वदवून घेईन. चुलीपाशी कुजबुजून नाही, बांधावर उभं करून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. माझा लेक त्यानं मरणार नाही, आणि त्याच्या जिवाचं भय वाटलं तरी मी माघार घेणार नाही. तुम्ही कानांवर हात ठेवू नका.

आणि तिकडं मामंजी भेटले असतील, तर त्यांना आता तरी नावानं हाक मारा. आता कसलं आयुष्य घटायचंय?

तुमची दमलेली सून,
यमुना