सासूबाईंचा काढा

मंगळवार, संध्याकाळ. झाशी

सुधीरचं शरीर सासूबाईंनी दिलेली किडनी नाकारतंय. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या काही पेशी बाकीच्या लढणाऱ्या पेशींना आवरतात, हे आपलंच आहे म्हणून समजावतात. त्या कमी पडतायत. मग विचारलं, "घर पे कुछ देते हैं क्या?"

गुळवेलीचा काढा. लेकाची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून सासूबाई लक्ष्मी तालाच्या काठावरून स्वतः वेल आणतात. ती शक्ती वाढली असेल, तर त्यांच्याच किडनीवर उठली. काढ्यानेच झालं का? डॉक्टरांनाही खात्री नाही. पण काढा बंद करा म्हणाले.

हे त्यांना कसं सांगू? घरी आले तर काढा उकळत होता. "दवाखान्यात न्यायचाय, आज जरा कडक करू का गं?"

मी गॅस बंद केला. का, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.